शौरींचं नाव घेण्याआधी तारीख सांगा

मराठी वृत्तपत्रांचे मालक, संपादक आणि व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्याच घरातला. मालक नव्हे, संपादकही नव्हे. रायगड जिल्ह्यातल्या एका लहान दैनिकात १९८० साली मुद्रितशोधक म्हणून लागलो, पुढे उपसंपादक झालो आणि २०१७ साली निवृत्त होऊन घरी बसलो. सदतीस वर्षांत माझं नाव पेपरात एकदाच छापून आलं, माझ्या निरोप समारंभाच्या बातमीत. तीही मीच लिहिली होती.

पत्राचं कारण सांगतो. गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका दैनिकाचे संपादक राजकीय पक्षात गेले. पेपरचं आणि पक्षाचं नाव मुद्दाम घेत नाही. हाच प्रकार मी तीन वेगवेगळ्या पक्षांच्या बाबतीत पाहिला आहे आणि एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. रविवारी त्यांचं सदर नेहमीच्या जागी होतं. त्यात एका सरकारी योजनेची वाहवा होती आणि विरोधातल्या स्थानिक आमदाराची सालं काढलेली होती. मंगळवारी दुपारी गृहस्थ पक्षाच्या व्यासपीठावर, गळ्यात नवं कोरं उपरणं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. भाषणात म्हणाले, "अरुण शौरींसारखे पत्रकारही राजकारणात गेलेच की!" टाळ्या पडल्या. शौरी म्हणजे 'इंडियन एक्स्प्रेस'चे जुने संपादक, पुढे भाजपचे खासदार आणि मंत्री.

बुधवारचा अंक मी चहाच्या आधी उघडला. पान पाच, सिंगल कॉलम, चार ओळी. ज्येष्ठ पत्रकार अमुक यांनी तमुक पक्षात प्रवेश केला. हे ज्येष्ठ पत्रकार सोमवारपर्यंत याच पेपरच्या संपादकाच्या खुर्चीत बसत होते, एवढं मात्र त्या चार ओळींत मावलं नव्हतं.

मी डेस्कवरचा माणूस आहे. चार ओळी आपोआप चार ओळी होत नाहीत. त्या कोणीतरी बसून चार ओळींच्या करतो, आणि कोणता शब्द काढायचा हे त्याला वरून फोनवर सांगितलेलं असतं. असे फोन मीही घेतले आहेत.

मी वाचकांच्या पत्रांसाठी पत्र पाठवलं, शब्दमर्यादा पाळून. छापलं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा पाठवलं. तेही नाही. म्हणून हे उघड पत्र, आणि ते एकट्या त्या पेपरला न लिहिता तुम्हा सगळ्यांना.

शौरींचं नाव निघालंच आहे तर आधी त्यांच्याबद्दलच बोलू. त्या नावाशी माझा जुना हिशेब आहे.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. १९८० च्या दिवाळीत त्यांनी गावी घराचं जोतं बांधून घेतलं. भिंतीही उभ्या राहिल्या. अडलं ते स्लॅबपाशी. तेव्हा सिमेंटवर नियंत्रण होतं, परमिटशिवाय गोणी मिळत नसे. काळ्या बाजारात मिळे, पण तो भाव मास्तरच्या पगाराच्या आवाक्यातला नव्हता. वडील दर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की तालुक्याच्या कचेरीत जात. चाळीस गोण्यांचा अर्ज होता. कधी साहेब दौऱ्यावर, कधी कोटा आलेला नाही. अंगणात आणून टाकलेल्या सळया त्या पावसाळ्यात तांबड्या झाल्या. आई त्यांवर वाळवण घालायची आणि गंजाचे डाग पडले म्हणून करवादायची.

आणि तरीही वडील अंतुल्यांचे भक्त. कोकणातला माणूस मुख्यमंत्री झाला, म्हसळ्याच्या आंबेतचा बॅरिस्टर मंत्रालयात बसला, याचं त्यांना कोण कौतुक. ते समजण्यासारखंही होतं. त्या माणसाने निराधारांसाठी संजय गांधी योजना आणली, सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे केले, आमच्या कुलाब्याचं नाव रायगड केलं, लंडनहून भवानी तलवार आणायच्या गोष्टी केल्या. कामाचा झपाटा असा की फाइल टेबलावर थांबत नसे. वडील म्हणायचे, कचेरीतले कारकून नालायक आहेत, बॅरिस्टरसाहेबांच्या कानावर गेलं तर एका दिवसात सिमेंट येईल.

३१ ऑगस्ट १९८१ ला 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये शौरींचा लेख आला. 'इंदिरा गांधी अ‍ॅज कॉमर्स'. मुंबईचे गठ्ठे पनवेलवरून एसटीने यायचे, त्यामुळे आमच्या हातात पेपर पडला तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. मुख्यमंत्र्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान आणि आणखी काही न्यास काढले, साखर कारखाने आणि बिल्डर यांच्याकडून त्यांत कोट्यवधींच्या देणग्या आल्या, आणि देणगी देणाऱ्यांना सिमेंटचा कोटा सुटत गेला, अशी ती मांडणी होती. लेखात विशेषणं कमी, चेक आणि तारखा जास्त.

संपादकांनी मला गोषवारा करायला बसवलं. मला इंग्रजी येत होतं, पण असलं इंग्रजी नव्हे. शब्दकोश उशाला घेऊन रात्री अडीचपर्यंत लिहीत होतो. मथळ्याशी सगळ्यात जास्त झटलो. शेवटी लिहिलं : 'नाव इंदिराजींचे, धंदा सिमेंटचा'. सकाळी संपादकांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "अरे, आपल्याला याच जिल्ह्यात राहायचंय." छापून आलं ते 'प्रतिष्ठानच्या देणग्यांबाबत प्रश्न'. तरीही छापलं, हे त्या संपादकांचं मोठेपण मी आज मान्य करतो. वडील माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी जेवताना एवढंच विचारलं, "म्हणजे आपलं सिमेंट तिकडे जात होतं?"

पुढचं सर्वांना माहीत आहे. १२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध होता असा निष्कर्ष दिला आणि अंतुल्यांना खुर्ची सोडावी लागली. फौजदारी खटला मात्र वर्षानुवर्षं न्यायालयांत येरझारा घालत राहिला. १९८८ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने न्यायालयाचा आधीचाच आदेश चुकला म्हणून फिरवला, आणि अंतुले नंतर केंद्रात मंत्रीही झाले. आमचा स्लॅब १९८२ च्या उन्हाळ्यात पडला, केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अर्धंमुर्धं उठवल्यावर. त्यात शौरींचा हात किती आणि धोरणाचा किती, हा वाद मी वडिलांशी ते जाईपर्यंत घातला.

तर हे शौरी. १९७९ मध्ये जागतिक बँकेतला अर्थतज्ज्ञ एकदम एक्स्प्रेसचा कार्यकारी संपादक झाला. १९८० मध्ये भागलपूरच्या कोठडीत पोलिसांनी लोकांचे डोळे फोडून त्यांत आम्ल ओतल्याची बातमी त्यांच्याच काळातली. ती शोधून काढणारा पाटण्याचा वार्ताहर वेगळा, अरुण सिन्हा. हेच सिन्हा नंतर गोव्यात 'नवहिंद टाइम्स'चे संपादक होते. व्याख्यानांतून हे नाव हमखास गळतं, म्हणून मुद्दाम लिहिलं. १९८२ मध्ये शौरींना मॅगसेसे पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी एक्स्प्रेसमधून बाहेरही पडावं लागलं. मधे 'टाइम्स ऑफ इंडिया'. १९८७ मध्ये परत एक्स्प्रेस. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या बदनामी विधेयकाविरुद्ध पत्रकार रस्त्यावर उतरले तेव्हा ते पुढे होते आणि सरकारला विधेयक मागे घ्यावं लागलं. १९९० मध्ये त्यांची खुर्ची दुसऱ्यांदा गेली.

इथे थांबा आणि तारखा बघा. १९९० मध्ये संपादकपद गेलं. भाजपने त्यांना उत्तर प्रदेशातून राज्यसभेवर पाठवलं ते १९९८ मध्ये. मधे आठ वर्षं.

ती आठ वर्षं कोरी नव्हती, हे मला कोणी शिकवायला नको. त्यांचे लेख देशभरच्या पेपरांत येत होते आणि त्यांचा कल कुठे आहे हे सातवीतल्या पोरालाही कळत होतं. १९९७ मध्ये त्यांनी बाबासाहेबांवर टीका करणारं पुस्तक लिहिलं. महाराष्ट्रात त्यावर केवढा संताप झाला ते तुम्ही पाहिलंय. माझ्या मते ते पुस्तक म्हणजे अंतुले प्रकरणातली हत्यारं चुकीच्या माणसावर चालवण्याचा प्रकार होता. तोच कागद काढून समोर धरण्याचा सराव, पण इथे निकाल आधी आणि कागद नंतर. वर्षभरात राज्यसभा आली. वाचकाने दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून काय तो अर्थ लावला. लावू शकला, कारण सगळं त्याच्यासमोर होतं. त्या काळात ते कुठल्याही बातमीवर कात्री चालवत नव्हते. पान एकवर काय जाणार हे त्यांच्या हातात नव्हतं. आमच्या मंगळवारच्या संपादकांच्या हातात ते सोमवारी रात्रीपर्यंत होतं.

एवढा फरक ज्याला दिसत नाही त्याने शौरींचं नाव घेऊ नये.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती न सांगता आपण दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकारदिनाच्या हारतुऱ्यांत अर्धेच शौरी नव्या पोरांसमोर ठेवतो, ही माझी तुमच्याविरुद्धची जुनी तक्रार आहे. वाजपेयी सरकारात ते निर्गुंतवणूक मंत्री, म्हणजे सरकारी कंपन्या विकणाऱ्या खात्याचे मंत्री झाले. बाल्को, व्हीएसएनएल, मारुती, आपल्या मुंबईची सेंटॉर हॉटेलं, हे सगळे विक्रीव्यवहार त्यांच्या काळातले. विमानतळाजवळचं सेंटॉर २००२ मध्ये ८३ कोटींना विकलं गेलं आणि घेणाऱ्याने चारेक महिन्यांत ते ११५ कोटींना पुढे विकलं. वाद झाला, शौरींनी आपली बाजू मांडली. त्या व्यवहारात काळंबेरं होतं असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे कागद नाही. मी एवढंच म्हणतो की १९८१ चा शौरी २००२ मध्ये पत्रकार असता तर त्याने ३२ कोटींच्या फरकावर किमान तीन लेख लिहिले असते. आणि २००३ मध्ये तर हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम विकायला काढल्यावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या कंपन्या संसदेने कायदा करून ताब्यात घेतल्या आहेत, संसदेला विचारल्याशिवाय विकता येणार नाहीत. सत्तेने नियम वळसा घालून ओलांडू नयेत म्हणून ज्याने आयुष्यभर लिहिलं, त्याच्याच खात्याला न्यायालयाने नियम दाखवला. राजकारणात गेल्यावर माणूस बिघडतोच असा माझा दावा नाही. खुर्ची बदलली की कागद वेगळा दिसतो, एवढं खरं.

आणि त्यानंतरचे शौरी आणखी वेगळे. २००९ च्या पराभवानंतर त्यांनी स्वतःच्याच पक्षाला 'कटी पतंग' म्हटलं. २०१५ मध्ये मोदी सरकारचं वर्णन 'काँग्रेस अधिक गाय' असं केलं. २०१८ मध्ये यशवंत सिन्हा आणि प्रशांत भूषण यांच्यासोबत राफेलच्या खरेदीवर सर्वोच्च न्यायालयात गेले. याचिका फेटाळली गेली, फेरविचार अर्जही. तरी २०१९ च्या डिसेंबरात ते पुण्यात रुग्णालयात होते तेव्हा पंतप्रधान त्यांना भेटून गेले. अशी कारकीर्द एका वाक्यात टाळ्या घेण्यासाठी वापरायची नसते.

राजकारणात जाणं हे पाप नाही, हेही इथेच लिहून टाकतो, नाहीतर कोणी म्हणेल म्हातारा सोवळ्यात बसलाय. केसरी टिळकांचा होता आणि वाचकाला ते ठाऊक होतं. अत्र्यांचा 'मराठा' संयुक्त महाराष्ट्रासाठीच निघाला आणि १९५७ मध्ये ते आमदारही झाले. बाळासाहेब ठाकरे व्यंगचित्रकाराच्या टेबलावरून उठले आणि 'सामना' काढला तो पक्षाचं नाव झाकून नव्हे. वाजपेयी 'पाञ्चजन्य'चे संपादक होते, अडवाणी 'ऑर्गनायझर'मध्ये होते. दोन्ही पेपर संघाचे हे घेणाऱ्याला माहीत असे. विद्याधर गोखले 'लोकसत्ता'नंतर १९८९ मध्ये शिवसेनेचे खासदार झाले, भारतकुमार राऊत २००८ मध्ये सेनेकडून आणि कुमार केतकर २०१८ मध्ये काँग्रेसकडून राज्यसभेत गेले. उजवे गेले, डावे गेले, मधलेही गेले. मालकही गेले : 'लोकमत'चे विजय दर्डा अठरा वर्षं राज्यसभेत होते. 'पायोनियर'चे चंदन मित्रा तर संपादक असतानाच खासदार होते. एम. जे. अकबर १९८९ मध्ये काँग्रेसचे खासदार, १९९४ मध्ये 'एशियन एज'चे संपादक आणि २०१४ मध्ये भाजपचे प्रवक्ते. जायचं दार एक आणि यायचं दार दुसरं असतं असं नाही, दार एकच आहे आणि ते फिरतं.

यांतलं प्रत्येक प्रकरण वेगळं आहे, सगळ्यांना एका पोत्यात भरणं अन्यायाचं होईल. माझा राग पक्षावर नाही आणि माणसावरही फारसा नाही. राग तुमच्यावर आहे.

कशाकशाचा, ते सांगतो. रविवारचं सदर लिहिताना त्या संपादकांचा पक्षप्रवेश ठरलेला होता. असे प्रवेश दोन दिवसांत ठरत नाहीत, उपरणं शिवायला टाकायलासुद्धा वेळ लागतो. म्हणजे निदान काही आठवडे वाचक चार-पाच रुपये मोजून एका उमेदवाराचं प्रचारपत्रक विकत घेत होता आणि त्यावर 'संपादकीय' असं लिहिलेलं होतं. व्यवस्थापनाला हे माहीत नव्हतं असं कोणी म्हणेल तर ते अधिकच गंभीर.

दुसरं, त्या काळात डेस्कवर काय झालं असेल ते मला दिसतं. विरोधी आमदाराच्या बातम्या कोणी आत ढकलल्या, कोणाच्या खालची चौकट उडाली, कोणत्या तालुका वार्ताहराची बातमी 'जागा नाही' म्हणून तीन दिवस पडून राहिली. त्या वार्ताहराला ओळीवर पैसे मिळतात. त्याची बातमी पडते तेव्हा त्याचे पैसेही पडतात. संपादकांना तिकीट मिळालं तर त्यात या पोराची न छापलेली बातमीही खर्ची पडलेली असते. त्याचं नाव कुठल्याही भाषणात येत नाही. भागलपूरच्या वार्ताहराचं येत नाही तर याचं कुठून येणार.

तिसरं म्हणजे मागे राहिलेल्यांचे हाल. त्या पेपरचा एक बातमीदार मला बाजारात भेटला. म्हणाला, "काका, आता कुठेही गेलो की विचारतात, तुमचं कधी?" पोरगं हसत सांगत होतं, पण हातातली पिशवी या हातातून त्या हातात करत होतं.

आणि माझं पत्र दोनदा टोपलीत गेलं, तेही यात धरा.

प्रेस कौन्सिलकडे जा असं काही मित्र म्हणाले. कौन्सिल समज देतं, ताशेरे मारतं. दंड करत नाही, आणि ताशेरे छापायचे कोणी, तर तुम्हीच. त्यामुळे मागण्या तुमच्याकडेच करतो. त्यांना कायदा लागत नाही, सरकार लागत नाही, एका नेमणूकपत्रात पाच कलमं घातली की पुरे.

ज्याच्या हातात पान आहे, म्हणजे संपादक, निवासी संपादक, वृत्तसंपादक, राजकीय प्रतिनिधी, त्याची कोणत्याही पक्षाशी प्रवेशाची किंवा तिकिटाची बोलणी सुरू झाली की त्याने त्याच दिवशी व्यवस्थापनाला लेखी कळवावं आणि त्या दिवसापासून बातमीवरून आणि अग्रलेखावरून हात काढावा. पगार चालू ठेवा, रजा द्या, काय करायचं ते करा.

नोकरी सोडल्यापासून पक्षप्रवेशापर्यंत एक वर्ष जाऊ द्या. सनदी अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर खासगी कंपनीत जायचं तर वर्षभर थांबावं लागतं नाहीतर सरकारची परवानगी काढावी लागते. शौरींची आठ वर्षं मी मागत नाही.

तरीही कोणी गेलाच, तर ती बातमी ज्या पेपरचा माणूस गेला त्याच पेपरने पहिल्या पानावर द्यावी. त्यात तो आपला कोण होता, केव्हापासून केव्हापर्यंत होता आणि बोलणी केव्हा सुरू झाली याची तारीख असावी. शेवटच्या सहा महिन्यांतल्या त्याच्या लेखांची यादी संकेतस्थळावर ठेवा. वाचक बघून घेईल.

पक्षाच्या माणसाचा लेख जरूर छापा. पण पक्षाचं नाव लेखाच्या डोक्यावर, लेखकाच्या नावाइतक्याच टायपात. शेवटी तिरक्या बारीक अक्षरांत 'लेखक सामाजिक कार्यकर्ते आहेत' हे आता बंद करा. मी स्वतः ती ओळ शेकडो वेळा लावली आहे आणि प्रत्येक वेळी मला माहीत होतं ती का लावतोय.

आणि राजकारणातून कोणी परत आला तर त्याला सदर द्या, पण दोन वर्षं पान देऊ नका.

मालकांना वेगळी विनंती नाही. हीच कलमं त्यांनाही लावा.

या पत्राची एक प्रत मी त्या दैनिकाच्या कार्यालयातही नेऊन देणार आहे, पोच घेऊन. उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या आणि पान एकवर द्या. पान पाचवर चार ओळींची जागा कशी काढतात, ते मला येतं.

आपला,
एक निवृत्त उपसंपादक
जिल्हा रायगड